समानव उड्डाणाची उलटगणती आणि हवामानाचा कागद कसा वाचायचा

फ्लोरिडाच्या केनेडी स्पेस सेंटरवरून अंतराळवीर निघणार असतील, तर आधी उड्डाणाची वेळ आपल्या घड्याळात बसवून घ्या. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिकडच्या वेळेत साडेनऊ तास मिळवायचे, हिवाळ्यात साडेदहा. संध्याकाळचं उड्डाण असलं तर तारीखही बदलते. नासाचं क्रू-१० यान तिकडे १४ मार्च २०२५ ला संध्याकाळी ७:०३ वाजता उडालं, तेव्हा आपल्याकडे १५ तारखेच्या पहाटेचे ४:३३ झाले होते. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, दिली असेल तर साडेपाच तास मिळवा.

मग स्थानकाकडे निघालेल्या यानाची लाँच विंडो, म्हणजे उड्डाण करता येतं तेवढा वेळ, बघा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांनी कललेली आहे. पृथ्वी फिरताना लाँच पॅड त्या कक्षेच्या प्रतलाखाली येतो तोच उड्डाणाचा मुहूर्त, आणि स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटसाठी तो व्यवहारात एका क्षणाचाच असतो. म्हणून ‘अर्धा तास उशिरा उडेल’ असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. तो क्षण हुकला की त्या दिवसाचं उड्डाण रद्द.

पुढची वेळ तुम्हाला घरीही काढता येते, कारण ती दररोज साधारण साडेतेवीस मिनिटांनी अलीकडे सरकते. शुभांशु शुक्ला यांच्या ॲक्सिअम-४ चं उदाहरण घ्या. ११ जून २०२५ साठी तिकडची वेळ होती सकाळी ८:००. ते उड्डाण टळलं. चौदा दिवसांनंतरची वेळ हवी असेल तर १४ गुणिले २३.५, म्हणजे ३२९ मिनिटं, म्हणजे ५ तास २९ मिनिटं. आठातून वजा केली की उरतात २:३१. यान २५ जूनला पहाटे २:३१ लाच, आपल्या दुपारी १२:०१ ला उडालं. हिशेब दरवेळी इतका चोख जुळत नाही. स्थानकाची कक्षा मधूनमधून उंचावली जाते, त्यामुळे काही मिनिटांचा फरक पडतो. शिवाय स्थानक कक्षेत नेमकं कुठे असेल यावरही बरंच अवलंबून असल्यामुळे प्रत्येक दिवस सोयीचा नसतो.

आता हवामान. अमेरिकी स्पेस फोर्सचं ४५ वं वेदर स्क्वाड्रन उड्डाणाच्या तीनेक दिवस आधीपासून एक छोटा अंदाज काढतं. त्यातला ठळक टक्का वाचताना बहुतेकांची गफलत होते. तो आकडा ‘नियम मोडला जाण्याची शक्यता’ सांगतो, म्हणजे कमी असेल तेवढा चांगला. नासाच्या निवेदनात आणि बातम्यांत तोच अंदाज ‘अनुकूल’ असा उलटा दिला जातो. कागदावरचे ४० टक्के म्हणजे अनुकूल ६०. दोन्ही आकडे एकाच बातमीत आले की गोंधळ ठरलेला.

याहून मोठी गोष्ट अशी की हा टक्का फक्त लाँच पॅडच्या परिसरापुरता असतो. वरच्या थरांतल्या वाऱ्याचा जोर, बूस्टर (रॉकेटचा परत येणारा पहिला टप्पा) उतरण्याच्या जागेचं हवामान आणि सौर हालचाल हे धोके खाली वेगळ्या रकान्यात ‘कमी, मध्यम, जास्त’ असे लिहिलेले असतात. त्या टक्क्यात ते धरलेले नसतात. उड्डाणमार्गाखालच्या समुद्राचं तर त्यात काहीच येत नाही. अंतराळवीर असलेल्या उड्डाणात हा समुद्र महत्त्वाचा, कारण रॉकेट बिघडलं तर अंतराळवीर बसतात ती ड्रॅगन कुपी त्यापासून सुटून अटलांटिकमध्ये उतरते. फ्लोरिडापासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने वर आणि पुढे थेट आयर्लंडच्या दिशेपर्यंतच्या पट्ट्यात लाटांची उंची, वारा, वीज आणि पाऊस तपासावे लागतात. लाँच पॅडवर आकाश निरभ्र आणि तरीही उड्डाण रद्द, याचं कारण बहुधा इथे सापडतं. ॲक्सिअम-४ चा १० जूनचा मुहूर्त उड्डाणमार्गावरच्या जोरदार वाऱ्यांमुळेच एक दिवस पुढे गेला होता.

अंदाजात ‘मुख्य चिंता’ म्हणून नियमांची नावं दिलेली असतात. फाल्कन ९ साठी यातले चार लक्षात ठेवले तरी पुरे. पॅडपासून किंवा उड्डाणमार्गापासून १० सागरी मैलांच्या (सुमारे १८.५ किलोमीटर) आत वीज दिसली की ३० मिनिटं थांबायचं. पॅडपासून ५ सागरी मैलांत विद्युतक्षेत्र दर मीटरला १,५०० व्होल्टच्या पलीकडे गेलं तर १५ मिनिटं थांबायचं. गोठणबिंदूखालच्या थरापर्यंत पोहोचलेला ४,५०० फुटांपेक्षा जाड ढग असेल तर त्यातून जायचं नाही. आणि १६२ फूट उंचीवर सलग वारा ताशी ३० मैलांहून जास्त नको.

विजेच्या नियमांत इतका काटेकोरपणा का? जी वीज आपोआप पडली नसती ती रॉकेट स्वतः ओढवून घेतं म्हणून. रॉकेट आणि त्यामागचा तप्त धुराचा लोट मिळून एक लांबच लांब वाहक तार होते. अपोलो १२ वर १४ नोव्हेंबर १९६९ ला वीज पडली ती ३६ व्या आणि पुन्हा ५२ व्या सेकंदाला. ते यान वाचलं, पण २६ मार्च १९८७ चं ॲटलस-सेंटॉर अशाच विजेने गमावलं. मे ते सप्टेंबरमधली फ्लोरिडाची दुपार आपल्याकडच्या वळवासारखी असते. सकाळ स्वच्छ, मग समुद्रावरचा वारा आत शिरतो आणि दोन-तीनच्या सुमारास गडगडाट सुरू. वादळ सरलं तरी त्याचा ऐरणीसारखा पसरलेला माथा विद्युतभार धरून बसतो. म्हणून त्या महिन्यांत दुपारपेक्षा पहाटेच्या उड्डाणावर जास्त भरवसा ठेवावा.

टीव्हीवरचं थेट प्रसारण उड्डाणाच्या चारेक तास आधी सुरू होतं. सगळं बघायची गरज नाही. कामाचे टप्पे साधारण असे (उणे म्हणजे उड्डाणाच्या आधी):

– उणे २ तास ३५ मिनिटं: चौघे कुपीत शिरतात. मग संपर्काची आणि सूटच्या गळतीची तपासणी.
– उणे १ तास ५५ मिनिटं: झडप, म्हणजे कुपीचं दार, बंद, आणि तिचीही गळती तपासणी. झडप पुन्हा उघडली म्हणून घाबरू नका. क्रू-१ च्या वेळी सीलवर कचरा सापडला, तो पुसला आणि यान वेळेवर गेलं.
– उणे ४५ मिनिटं: इंधन भरायचं की नाही याचा कौल. हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा.
– उणे ४२ ते ३८: अंतराळवीरांच्या ये-जा करायच्या पुलाची भुजा मागे सरकते आणि सुटका यंत्रणा सज्ज होते.
– उणे ३५: केरोसिन आणि पहिल्या टप्प्याचा द्रव ऑक्सिजन.
– उणे १६: दुसऱ्या टप्प्याचा ऑक्सिजन.
– उणे ७: इंजिनं थंड करणं.
– उणे ४५ सेकंद: लाँच डायरेक्टरचा अंतिम होकार.

उणे ३५ नंतर घड्याळ थांबवायची सोय नाही. फाल्कनमधला ऑक्सिजन उकळबिंदूच्याही बराच खाली थंड करून भरतात. तो टाकीत तसाच राहिला तर तापून पसरतो. त्यामुळे यानंतरचा ‘होल्ड’ म्हणजे रद्दच समजा. याउलट उणे ४५ च्या आधी हवामानाची पाटी लाल दिसली तरी टीव्ही बंद करू नका. २७ मे २०२० ला डेमो-२ चं (ड्रॅगनच्या पहिल्या समानव उड्डाणाचं) इंधन हवामान प्रतिकूल असतानाच भरायला घेतलं होतं. विजेचे नियम सुटले नाहीत, म्हणून उड्डाण रद्द झालं ते जेमतेम १७ मिनिटं उरलेली असताना. दहाएक मिनिटं जास्त मिळाली असती तर जमलं असतं. मुहूर्त एका क्षणाचा असतो, त्याचा फटका असा बसतो. त्यातले अंतराळवीर बेन्केन आणि हर्ली ३० मे रोजी गेले.

शेवटच्या तासात हवामान शांत असलं तरी जमिनीवरची यंत्रणा दगा देऊ शकते. क्रू-६ उड्डाणाला अडीच मिनिटांहून कमी उरलेली असताना थांबलं, कारण इंजिन पेटवणाऱ्या द्रवाच्या वाटेतली गाळणी तुंबली होती. क्रू-१० चं पहिलं उड्डाण रॉकेटला धरून ठेवणाऱ्या भुजेच्या हायड्रॉलिक्समुळे टळलं.

सगळी रॉकेटं फाल्कनसारखी वागत नाहीत. सुनीता विल्यम्स यांच्या स्टारलायनरखालच्या ॲटलस ५ मध्ये इंधन आधी भरतात, माणसं नंतर चढतात, आणि उणे ४ मिनिटांना ठरवून थांबा असतो. तिथे ‘टी’ आणि ‘एल’ वेगळे मोजा. टीचं घड्याळ थांब्यात थांबतं, एल म्हणजे भिंतीवरचा खरा वेळ. श्रीहरिकोट्यालाही लाँच विंडो मोठी असली तर थांबून पुढे जाता येतं. गगनयानच्या टीव्ही-डी१ चाचणीत २१ ऑक्टोबर २०२३ ला आठची वेळ हवामानामुळे ८:४५ वर गेली, संगणकाने पाच सेकंद उरलेले असताना थांबवलं, आणि तरी दहा वाजता उड्डाण झालं.

फाल्कनचं उड्डाण रद्द झाल्यावर अंतराळवीर लगेच खाली येत नाहीत. टाक्या रिकाम्या होईपर्यंत सुटका यंत्रणा सज्जच ठेवतात, मग भुजा परत जोडली जाते, मग झडप उघडते. तोवर नवी तारीख कळली नसेल तर अफवा फिरवू नका. कारण हवामान असेल तर पुढच्या एक-दोन दिवसांची आशा धरावी. कारण गळती असेल तर आठवडा गृहीत धरा. ॲक्सिअम-४ च्या बूस्टरमधली ऑक्सिजन गळती स्टॅटिक फायरनंतरच्या (रॉकेट जमिनीला बांधून इंजिनं पेटवून पाहण्याच्या चाचणीनंतरच्या) तपासणीत कळली, आणि मग स्थानकाच्या झ्वेझ्दा मॉड्यूलमधल्या दुरुस्तीनेही तारखा पुढे ढकलल्या. ‘स्टॅटिक फायर यशस्वी’ ही बातमी आली म्हणजे रॉकेट तयार, असं धरू नये. त्यानंतरचा आढावा संपल्याचं जाहीर होईपर्यंत ऑफिसातली रजा टाकायची घाई करू नका.