कमी बजेटमध्ये वीज वाचवणारं घर बांधताय? या चुका टाळा

घर बांधायला काढलं की पहिला प्रश्न असतो, सोलर किती किलोवॉटचं घेऊ? अहो थांबा, आधी भिंती, छत, खिडक्या नीट करा, मशीन नंतर! एकदा स्लॅब पडला की त्यात बदल करणं फार महागात जातं, पॅनल काय कधीही बसवता येतात.

प्लॅनमध्ये उगाच कोपरे वाढवू नका. जितके कोपरे तितकी बाहेरची भिंत जास्त, म्हणजे बांधायचा खर्चही वाढला आणि बिलही. साधं चौकोनी घरच परवडतं.

पश्चिमेला मोठी काच नको. संध्याकाळचं ऊन तिरपं येतं, छज्जा कितीही काढा ते खालून घुसतंच, आणि आतल्या पडद्याने फार फरक पडत नाही कारण तोवर ऊन काच ओलांडून आलेलं असतं, सावली बाहेरूनच पाहिजे.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते फटींकडे. महागडं इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) टाकतात आणि चौकटीभोवतीची फट तशीच! खिडक्या बसल्या की आतलं फिनिशिंग व्हायच्या आधी एक करा, वारा असेल त्या दिवशी सगळं बंद करून एक्झॉस्ट फॅन लावा (गॅसवर चालणारं काही पेटतं असेल तर आधी बंद करा) आणि उदबत्ती चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवा. सरळ वर जाणारा धूर जिथे एकदम आडवा होतो तिथे फट आहे, लगेच खूण करून ठेवा. पॅसिव्ह हाऊसवाले (म्हणजे अगदी कमी ऊर्जेत चालणारी घरं बांधणारे) हीच गळती मशीन लावून मोजतात, 50 पास्कल दाबाला तासाभरात घरातली हवा 0.6 पटीपेक्षा जास्त बदलायला नको. पण फटी बुजवल्यावर ताज्या हवेची सोय मात्र केलीच पाहिजे, नाहीतर दमटपणा आतच कोंडतो.

थंडीत कोपऱ्यात काळे डाग येतात त्याचं एक कारण हा कोंडलेला दमटपणा. दुसरं म्हणजे बाल्कनीचा स्लॅब आतून थेट बाहेर गेलेला असतो, त्यातून उष्णता निघून जाते आणि तेवढाच भाग गार पडतो. खोलीत 20 अंश आणि 50 टक्के आर्द्रता असली तर साधारण 9 अंशाच्या पृष्ठभागावर पाणी धरतं, आणि बुरशीला तर त्याच्याही आधी सुरुवात होते. मी दोनदा रंग मारला, दोन्ही वेळा डाग परत आले. शेवटी बाहेरून स्लॅबच्या कडेवरही इन्सुलेशन चढवलं, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, तेव्हा कुठे कोपरा कोरडा झाला.