स्प्रे फोम मारून घेताना: धायरीचा पत्रा, पुण्याचा स्लॅब आणि लेहची भिंत

उष्णता अडवायला छताला किंवा भिंतीला मारतात तो स्प्रे फोम तयार माल म्हणून येत नाही. साइटवर येतात ते दोन ड्रम. एकात आयसो, म्हणजे आयसोसायनेट, काकवीसारखं काळपट तपकिरी. दुसऱ्यात पॉलिऑल, त्यातच फुगवणारा वायू, आग रोखणारी रसायनं वगैरे मिसळलेली. मशीनमध्ये दोन्ही गरम होतात, वेगवेगळ्या होजमधून गनपर्यंत जातात आणि गनच्या तोंडाशीच काय ते एकत्र येतात. पत्र्यावर पडताना पातळ पिवळसर थर दिसतो, बघता बघता दुधासारखा उतू येतो, मूळ द्रवाच्या सुमारे तीसपट फुगतो आणि मिनिटाभरात टणक होतो.

भोसरीच्या गाळ्यातून मी वीस वर्षं हे काम करतोय. सुरुवातीला सगळी कोल्ड स्टोरेज, आता निम्म्याच्या वर घरं. गिऱ्हाइकाला मी पहिल्या भेटीतच सांगतो की तुमच्या फोमचा कारखाना तुमच्याच छताखाली लागणार आहे. फोम चांगला झाला तर त्या दिवशी, त्या पृष्ठभागावर झाला म्हणून, आणि बिघडला तरी तिथंच बिघडला. कंपनी कुठली, भाव काय, हे सगळं त्यानंतर.

आधी बघा, तुम्हाला हा खर्च करायचाय का. मधल्या मजल्यावर राहत असाल तर करू नका. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून छज्जा किंवा बांबूची चिक लावा, जास्त फरक पडेल. वरच्या मजल्यावर असाल तर आधी गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग मारून एक उन्हाळा काढून बघा. तेवढ्यावर भागलं तर उत्तम. पण पत्र्याची खोली असेल, किंवा एप्रिल-मेमध्ये रात्री अकराला स्लॅबला हात लावला तर तो अजून गरम लागत असेल, तर फोमचा विचार करा. उन्हातला पत्रा दुपारी साठ अंशांच्या वर जातो. स्लॅबचं दुखणं वेगळं. तो दिवसभर उष्णता पोटात घेतो आणि रात्रभर खाली सोडतो. पुण्याची रात्र बाहेर गार असते आणि आत माणूस घामाघूम होतो तो यामुळे.

जाडी किती घ्यायची यावर लोक फार वाद घालतात. माझा हिशेब साधा आहे. क्लोज्ड सेल फोम म्हणजे ज्याच्या बारीक बंद पेशींत वायू अडकलेला असतो तो. जुना झाल्यावर त्याची उष्णतावाहकता साधारण ०.०२४ (वॅट प्रति मीटर-केल्विन) धरा, आकडा जितका कमी तितकी उष्णता कमी जाते. जाहिरातीत याहून कमी आकडा असतो, पण तो पहिल्या दिवसाचा. पेशींतला वायू हळूहळू बदलतो, म्हणून कोटेशनमध्ये जुन्या फोमचाच आकडा मागा. त्या हिशेबाने उघड्या पत्र्यातून आत येणारी उष्णता २५ मिलिमीटर फोमने सुमारे ८५ टक्के अडते, ५० मिलिमीटरने ९२ आणि ७५ ने ९५. पहिला इंच सगळ्यात जास्त काम करतो. पुण्यात मी ५० वर थांबतो. चंद्रपूरला, जिथं पारा ४७ च्या पुढे जातो, तिथं ७५ देतो. लेहला १०० च्या खाली जात नाही. घरांसाठीच्या ‘इको निवास संहिता २०१८’ने छतासाठी १.२ ही यू-व्हॅल्यूची कमाल मर्यादा ठेवलीय. यू-व्हॅल्यू म्हणजे आत-बाहेरच्या दर अंश फरकाला एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते तो आकडा. साध्या स्लॅबवर ५० मिलिमीटर फोम चढला की आकडा ०.४ ते ०.५ च्या आसपास येतो, म्हणजे मर्यादेच्या बऱ्याच आत.

आता पृष्ठभाग. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण माझं सगळ्यात मोठं नुकसान इथंच झालं. २०११ च्या सप्टेंबरअखेरीस धायरीला एका काकूंची वरची खोली केली. वर पत्रा, खाली काकू आणि त्यांचा बारावीचा नातू. आदल्या संध्याकाळी सर येऊन गेली होती. सकाळी पत्रा खालून कोरडा दिसला, हात फिरवला, कोरडा लागला, मारून टाकला. दहाव्या दिवशी काकूंचा फोन आला, “दादा, तुम्ही लावलेलं गादीसारखं खाली लोंबतंय, पोराच्या अंगावर पडेल की हो.” जाऊन बघतो तर ताटाएवढा तुकडा एका कडेने सुटलेला. ओढून उलटा केला तर पाठीमागची बाजू जाळीदार, अनरशाला पडते तशी. गुळगुळीत असायला हवी होती. पत्र्यावर नजरेला न दिसणारी ओल होती. आयसोला पाणी मिळालं की ते पॉलिऑलला सोडून पाण्याशी जुळतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि चिकटायच्या जागी बुडबुडे भरतात. सगळा फोम खरवडून काढला आणि माझ्या खर्चाने पुन्हा मारला. तेव्हापासून हात फिरवून कोरडं ठरवणं बंद.

स्लॅबसाठी चाचणी सोपी आहे, घरी करता येते. दीड फूट लांब-रुंद पॉलिथिनचा तुकडा घ्या, चारही कडा टेपने हवाबंद चिकटवा, रात्रभर ठेवा. सकाळी पॉलिथिनच्या आतून दव दिसलं किंवा काँक्रीट गडद झालं तर थांबायचं. गच्चीवर जुना ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, असेल तर ही चाचणी तीन-चार ठिकाणी करा. कोबा पाणी धरून ठेवतो, वरून कोरडा आणि पोटात ओला. पत्र्याला मात्र तेल, धूळ, सुटी गंज काहीही चालत नाही. वायर ब्रश, पुसणी, गंजक्या भागावर प्रायमर, आणि गळकी भोकं आधी बंद. फोम मारला की गळती बंद होते असं सांगणारे भेटतील. गळती बंद होत नाही, ती दिसेनाशी होते. पाणी फोम आणि पत्र्याच्या मधून फिरतं आणि पत्रा आतून खातं. नंतर पत्रा बदलायचा म्हटलं तर फोमसकट उतरवावा लागतो, म्हणून सडका पत्रा आधीच बदला. एक गोष्ट हात जोडून सांगतो. जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्याला ब्रश लावू नका, घासू नका, भोक पाडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते.

वेळेचंही असंच. पावसाळ्यात काम घेऊ नका, कोणी कितीही सवलत देवो. डिसेंबरच्या पहाटे पत्र्याला खालूनसुद्धा दव असतं, तेव्हा नऊ वाजेपर्यंत थांबायचं. मेमध्ये उलट: सहाला गन सुरू आणि दहाला बंद, कारण तापलेल्या पत्र्यावर फोम नीट पसरायच्या आतच उडी मारून उभा राहतो. पुण्यात मला ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च हे महिने सगळ्यात आवडतात.

मारताना एका थरात ५० मिलिमीटरच्या वर कधीच जायचं नाही. मी तर पंचवीस-पंचवीसचे थर देतो. फोम तयार होताना स्वतः उष्णता सोडतो. थर जाड झाला की पोटातली उष्णता बाहेर पडत नाही, आतून तो तपकिरी करपतो, आणि ढिगाऱ्यासारखा मारला तर पेटूही शकतो. पहिला थर हाताला गरम लागेनासा झाला की दुसरा. घाईत असलेला ठेकेदार नेमकी हीच वाट बघणं टाळतो. तुम्ही आत नसणार, म्हणून थरांची संख्या आणि मधला वेळ आधीच कागदावर लिहून घ्या.

तुम्ही आत नसणार हे नक्की. फवारताना आयसोची वाफ आणि तुषार हवेत असतात. त्याची एकदा ॲलर्जी बसली की पुढे थोड्याशा वासानेही दमा उठतो. माझी पोरं बाहेरून हवा येणारा मास्क आणि पूर्ण सूट घालतात. नुसता रुमाल बांधून गन धरणारा दिसला तर काम थांबवा. घरच्यांनी, कुत्र्या-मांजरांनी २४ तास बाहेर राहायचं, नंतरही खिडक्या उघड्या ठेवायच्या. पाण्याची टाकी, देवघर, धान्याचे डबे झाका. खाली पार्किंग असेल तर गाड्या हलवायला सांगा. वाऱ्याबरोबर आलेला तुषार काचेवर बसला की ब्लेडनेच निघतो.

काम झाल्यावर तपासणी तुमची. एक दाभण घ्या, टोकापासून पाच सेंटिमीटरवर रंगाची खूण करा आणि निदान वीस ठिकाणी टोचा, विशेषतः कडांना आणि पर्लिनजवळ, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या आधारांजवळ. खूण आत गेलीच पाहिजे. “सरासरी ५०” हे उत्तर मान्य करू नका, उष्णता पातळ जागा शोधते. मग एका कोपऱ्यातून दहा बाय दहा सेंटिमीटरचा, पाच सेंटिमीटर जाड तुकडा कापून घ्या. ती जागा नंतर भरून देतात. तो स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. १६ ते २० ग्रॅम भरला तर घनमीटरला ३२ ते ४० किलो झाले, पत्र्याखाली हेच हवं. गच्चीवर, जिथं माणूस चालणार, तिथं २२ च्या पुढे भरला पाहिजे. पाच-सहा ग्रॅमच भरला तर तुम्हाला ओपन सेल, म्हणजे उघड्या पेशींचा फोम दिलाय. तो वाईट नाही, पण स्वस्त असतो आणि पाणी पितो. तुकडा मोडून बघा. बारीक, एकसारख्या पेशी आणि फिकट पिवळा रंग हवा. काचेसारखा तडकून भुगा होत असेल तर आयसो जास्त झालं. मऊ, चिकट असून माशासारखा वास येत असेल तर पॉलिऑल जास्त झालं. असा फोम दोन आठवड्यांनी सुधारत नाही. तो काढूनच टाकायचा, वर जिप्सम लावून झाकायचा नाही.

मालाचा हिशेबही सोपा आहे. शंभर चौरस फुटाला ५० मिलिमीटरसाठी वाया जाणारं धरून साधारण २० किलो माल लागतो. पाचशे फुटांच्या छताला ६० किलोच आले असतील तर जाडी कुठून येणार? ड्रम येताना आणि जाताना मोजून घ्या. फुगवायला काय वापरलंय तेही विचारा. ओझोनला घातक ठरलेल्या एचसीएफसी-१४१बी या फुगवणाऱ्या रसायनाची आयात भारताने १ जानेवारी २०२० पासून बंद केली. त्यामुळे “जुन्या स्टॉकमधला स्वस्त माल” असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा.

फोम उघडा ठेवायचा नाही. हा नियम मोडलेली घरं मी रोज बघतो आणि मला झोप लागत नाही. आग रोखणारी रसायनं घातली तरी फोम जळतो, आणि जळताना कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड सोडतो. राहत्या खोलीत त्याच्याखाली निदान १२.५ मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड किंवा जाळी ठोकून प्लॅस्टर हवंच. त्याचा खर्च फोमच्या कोटेशनमध्येच धरा, पुढच्या दिवाळीवर ढकलू नका. वायरी आधी कॉन्ड्युट पाइपच्या आतून ओढून घ्या, फोममध्ये गाडलेली वायर गरम होते. फोम झाल्यावर त्या छताला वेल्डिंग अजिबात नाही. गच्चीवर मारला तर ऊन त्याला काही महिन्यांत तपकिरी, पिठूळ करतं, म्हणून लगेच ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचा कोट द्या. पापड-कुरडया घालायच्या असतील तर वर जिओटेक्स्टाइलचं कापड, जाळीचा कोबा आणि त्यावर चायना मोझॅक. उंदीर फोम खात नाहीत पण कुरतडून घर करतात, म्हणून उघड्या कडा पत्र्याच्या पट्टीने बंद करा.

२०१८ च्या जुलैमध्ये लेहजवळ एका छोट्या गेस्ट हाऊसचं काम केलं. तिथं माझं घड्याळ उलटं झालं. पुण्यात सहाला सुरू करणारा मी तिथं दहाची वाट बघायचो, कारण सावलीतली भिंत सकाळी आठ अंशांवर असायची आणि तेवढ्या गार भिंतीवर फोम धड फुगत नाही, चिकटत नाही. ड्रमही रात्री आम्ही झोपायचो त्याच खोलीत ठेवले. पुण्यात आपण उष्णता आत येऊ देत नाही. तिथं आतली ऊब आणि आतला ओलावा दोन्ही सांभाळायचं असतं. माणसांचा श्वास, चहाची वाफ खिडकीच्या चौकटीजवळच्या फटीतून थंड भागात गेली की तिथंच गोठते. म्हणून आम्ही पूर्ण एक दिवस फक्त चौकटी आणि तुळयांच्या जोडांवर घालवला. लाकडी सांगाडा आणि छत केलं. कच्च्या विटांच्या जुन्या भिंतीला मात्र मी नाही म्हणालो. मातीची भिंत ओलावा आत-बाहेर करत जगते, क्लोज्ड सेल फोमने ती कोंडली तर आतून सुटते. तिच्यासाठी तिथल्यांकडे चांगले मार्ग आहेत. लेहजवळच्या फे गावात सेकमॉल या शिक्षणसंस्थेच्या इमारती माती आणि दक्षिणेच्या उन्हावर उबदार राहतात, त्या जाऊन बघा.

फोमने घर हवाबंद होतं, आणि जळणाऱ्या कुठल्याही वस्तूला हवा लागते. लेहच्या त्या घरात बुखारीला, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीला, बाहेरून हवेचा स्वतंत्र पाइप आणि धुराड्याभोवती मोकळी जागा ठेवल्याशिवाय मी बिल केलं नाही. पुण्यात बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर फोम मारायच्या आधी तो बाहेर हलवा. पूर्वी पत्र्याच्या फटींमधून कार्बन मोनॉक्साइड निघून जायचा, आता तो तिथंच राहील. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन आणि त्याच्या समोरच्या बाजूला हवा येण्याची जाळी, दोन्ही हवीत.

वजन केलेला तो तुकडा फेकू नका. त्यावर तारीख, जाडी आणि दोन्ही ड्रमचे बॅच नंबर मार्करने लिहा आणि बिलाबरोबर पिशवीत ठेवा. दोन पावसाळ्यांनी कुठे फोम सुटलाच, तर मला किंवा ज्याने मारला त्याला तोच आधी दाखवा.