पंचेचाळिसाव्या वर्षी पहिली क्वेरी

'मला हे जमणार नाही' असं मी तोंडाने कधीच म्हटलं नाही. मी म्हणायचे, 'आता या वयात कशाला?', 'आधी मुलांचं मार्गी लागू दे', 'माझं डोकं हिशेबाचं, कॉम्प्युटरचं नाही.' ऐकायला सगळी समंजस वाक्यं. वीस वर्षं हिशेब विभागात काढून पंचेचाळिसाव्या वर्षी डेटा अ‍ॅनालिसिस शिकायला बसले, तेव्हा लक्षात आलं की तिन्ही वाक्यांच्या पोटात एकच भीती आहे. जिथे सगळे मला विचारायला यायचे तिथून उठायचं आणि जिथे साधी गोष्टसुद्धा दुसऱ्याला विचारावी लागेल तिथे जाऊन बसायचं, ही ती भीती.

तुम्हीही अशा उंबरठ्यावर असाल तर आधी आपली वाक्यं कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे पुरावा लिहा. 'डोकं कॉम्प्युटरचं नाही' याच्यापुढे मला कॉलेजातला एक नापास झालेला पेपर सोडून काही लिहिता येईना. उलट बाजूला मात्र बरंच निघालं. आमच्या विभागाचं सॉफ्टवेअर तीनदा बदललं होतं आणि तिन्ही वेळा बाकीच्यांना मीच शिकवलं होतं. ते मी कधी 'शिकणं' म्हणून धरलंच नव्हतं.

'वय झालं' हे वाक्य मी खोडलं नाही, कारण त्यात थोडं तथ्य आहे. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे दोन भाग मांडले: अगदी अनोळखी कोडं झटपट सोडवणारी एक, आणि साठलेल्या ज्ञानावर, अनुभवावर चालणारी दुसरी. पहिली तारुण्यानंतर हळूहळू उतरते. दुसरी पन्नाशीतही टिकून असते, पुष्कळदा वाढलेलीही असते. म्हणून मी वेळापत्रक आखताना वर्गातल्या तरुण मुलांचा वेग धरला नाही, प्रत्येक धड्याला दीडपट वेळ ठेवला. या एका गोष्टीमुळे रोजची चिडचिड निम्म्याने कमी झाली.

आणि दुसऱ्या बुद्धीचं काय? तिसऱ्या महिन्यातली गोष्ट सांगते. सरावासाठी दोन टेबलं, म्हणजे माहितीचे तक्ते, दिली होती, एकात बिलं, दुसऱ्यात जमा झालेले पैसे. दोन्ही जोडून एकूण विक्री काढायची होती. क्वेरी, म्हणजे टेबलांतून माहिती काढायला कॉम्प्युटरला दिलेली आज्ञा, चालली, एरर आली नाही, उत्तर मिळालं. बरोबरची मुलं पुढच्या प्रश्नाकडे वळली. माझा हात थांबला. आकडा फुगलेला वाटत होता. सवयीने बिलांची बेरीज वेगळी काढून ताळा घेतला, तर जुळेना. मग ओळ न् ओळ पाहत गेले. बिल क्रमांक 1043 दोनदा दिसत होतं. त्याचे पैसे दोन हप्त्यांत आले होते, त्यामुळे टेबलं जोडताना त्या बिलाच्या दोन ओळी झाल्या आणि पूर्ण रक्कम दोनदा धरली गेली. आधी जमा पैशांची बिलवार बेरीज करायची आणि मग जोडायचं, इतकाच उपाय. पण चूक आहे हे क्वेरी सांगत नाही, ते बघणाऱ्यालाच दिसावं लागतं. मला दिसलं ते वीस वर्षांच्या ताळ्यांमुळे. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा स्वतःला 'नवखी' म्हणायचं थांबवलं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी 1977 मध्ये मांडलं होतं की 'मला जमेल' हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः काम पार पाडून, आपल्यासारख्याला ते करताना पाहून, इतरांच्या धीराच्या शब्दांनी, आणि त्या वेळी शरीर-मनाला काय जाणवतं त्यावरून. यांत पहिली वाट सगळ्यांत भक्कम. माझा अनुभव अगदी हाच आहे. 'तू करशील गं' हे घरच्यांचं म्हणणं गोड वाटायचं, पण पुढची एरर येईपर्यंतच पुरायचं. 1043 आजही पुरतं. म्हणून आत्मविश्वास यायची वाट पाहू नका. रोज पूर्ण होईल एवढं लहान काम घ्या आणि ते तारखेसह वहीत नोंदवा.

अभ्यासाच्या पद्धतीबद्दल थोडक्यात. मी सुरुवातीला धडे पुन्हा पुन्हा वाचायचे आणि समजल्यासारखं वाटायचं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगांत पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. तेव्हापासून मी धडा मिटून कोरी फाइल उघडू लागले. याने त्रास होतो, कारण काय येत नाही ते लगेच उघडं पडतं. तो त्रास घ्यावाच. आणि एकवीस दिवसांत सवय लागते यावर विसंबू नका. लंडनमध्ये 96 जणांवर झालेल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतील असा अंदाज निघाला, कुणाला 18 तर कुणाला 254. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला म्हणून मी जवळजवळ सोडलं होतं.

नोकरीच्या अर्जांना बरेच नकार आले, काहींचं उत्तरच आलं नाही. चौथ्या महिन्यात मी अर्जातला 'फ्रेशर' शब्द काढला आणि वर हिशेबाचा अनुभव, खाली नवं कौशल्य असं मांडलं. त्यानंतर बोलावणी येऊ लागली.

मुलाखतीत विचारलं गेलं, "इतक्या उशिरा का वळलात?" कारणं सांगत बसले नाही. 1043 ची गोष्ट सांगितली. समोरच्या बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. "काढून दाखवा," त्या म्हणाल्या. मी पेन उचलून दोन टेबलं आखायला घेतली.