नव्या इंडी अल्बमवर मत द्यायचंय? आधी स्पीकरच्या तारा बघा

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कोथरूडला आमच्या घरी दहा-बारा जणं जमतात. चहा होतो, कुणीतरी खारी आणतं आणि महिनाभरात आलेल्या इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या आधाराशिवाय निघालेल्या, अल्बमपैकी एक पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वाजतो. मधे बोलायचं नाही हा एकच नियम, आणि तो मोडायला साधारण चार मिनिटं लागतात. मग मतं. नऊ वर्षं ही मतं ऐकतोय आणि आता हात टेकलेत. अल्बम दरवेळी नवा, चुका त्याच. सगळ्यांत मोठी चूक माझीच आहे. ती पुढे येईलच.

निकालाची घाई

जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात. त्याआधी देशागणिक वार वेगळा असायचा. सोय झाली खरी, पण एक खोडही लागली: गुरुवारी रात्री जागायचं, बाराच्या ठोक्याला अल्बम लावायचा आणि सगळ्यांच्या आधी निकाल जाहीर करायचा. आमच्या ग्रुपवर एकदा १२ वाजून २९ मिनिटांनी ‘ओव्हरऑल मिड’, म्हणजे एकंदरीत यथातथा, असा मेसेज पडला. अल्बम ४२ मिनिटांचा होता. मी विचारलं, बाळा, उरलेली तेरा मिनिटं कुठे गेली? तर म्हणे, “काका, व्हाइब कळली ना!”

स्पॉटिफाय हे गाण्यांचं ॲप एखादं गाणं ऐकलं गेलं असं धरतं ते ३० सेकंद वाजल्यावर. आमच्यातल्या निम्म्यांचा अंगठा पंचविसाव्या सेकंदाला पुढच्या गाण्यावर गेलेला असतो. म्हणजे मशीनच्या लेखी यांनी गाणं ऐकलेलंच नाही, आणि यांचं मत तयार.

माझी सवय सांगतो. पहिल्यांदा बसून ऐकतो. दुसऱ्यांदा भांडी घासताना. तिसऱ्यांदा पुन्हा बसून. भांडी घासताना ज्या गाण्याला हात थांबतो त्याचा नंबर ओल्या हाताने कॅलेंडरवर लिहून ठेवतो. हे सगळं होईपर्यंत रविवार उजाडतो आणि तोवर घाईवाले पुढच्या अल्बमवर गेलेले असतात. जाऊ देत.

पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी या दिल्लीच्या बँडचा ‘बीटा’ ऑगस्ट २०२४ मध्ये आला, तेव्हा आमच्याकडे पहिल्या दिवशी एकच वाक्य फिरत होतं: “‘बिस्मिल्ला’सारखा नाही.” नाहीच. ‘बिस्मिल्ला’ २०१९ चा. मधल्या पाच वर्षांत तुमची नोकरी बदलली, घर बदललं, कुणाचं लग्न झालं, आणि त्या बँडने मात्र तिथेच पाय रोवून बसायचं? मागच्यासारखा हवा असेल तर मागचा लावा, तो कुठे गेलेला नाही.

शफल

शफल म्हणजे गाणी क्रम मोडून वाजवणारी सोय. यावर खरं तर एक ओळ पुरे: बंद करा. पण एकाने एका अल्बमबद्दल मला पोटतिडकीने सांगितलं होतं की गाण्यांचा क्रम भलताच विस्कळीत आहे, आणि पहिलंच गाणं निरोपाचं असल्यासारखं वाटतं. ते निरोपाचंच होतं, अल्बममधलं शेवटचं. फोनवर शफलची ती आडव्यातिडव्या बाणांची खूण हिरवी झालेली. २०२१ मध्ये ब्रिटिश गायिका अडेलने स्पॉटिफायकडे मागणी केल्यावर अल्बमच्या पानावरच्या मुख्य बटणावरून शफल काढलं गेलं. ती बाई इंडी नाही, पण तिचे उपकार आहेत. तरी पोरं ते शोधून परत लावतात.

जाता जाता क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं संपता संपता दुसरं सुरू करणारी सेटिंग, तीही बघा. पार्टीसाठी कधीतरी १२ सेकंदांवर नेऊन ठेवलेली असते आणि मग “दोन गाणी एकमेकांत का मिसळलीत?” म्हणून बँडला शिव्या.

आता माझी गोष्ट

तीन वर्षांपूर्वीची, दिवाळीनंतरच्या रविवारची. पुण्यातल्याच एका चौकडीचा पहिला अल्बम लावला होता. आमच्यातल्या एकाने त्यांच्या बेसवाल्यालाच, म्हणजे खालच्या जाड सुरांची गिटार वाजवणाऱ्यालाच, सोबत आणलं होतं. शांत पोरगा, कोपऱ्यात बसून फराळाच्या ताटातल्या उरलेल्या चकल्या खात होता. अल्बम संपला आणि मला चेव चढला. मी म्हणालो, गाणी बरी आहेत पण मिक्स, म्हणजे आवाजांची एकत्र जुळणी, पोकळ आहे. बेस आहे की नाही हेच कळत नाही. गाणाऱ्याचा आवाज मधोमध यायला हवा तर तो खोलीभर भरकटतोय. हल्ली घरच्या घरी लॅपटॉपवर रेकॉर्ड करतात, त्याचे हे परिणाम. पुढे रेकॉर्डिंगचा इतिहास वगैरेही सांगितला असावा. दहा मिनिटं तरी बोललो.

पोरगा सगळं ऐकून घेत होता. मग बोटांवरची चकली झटकत म्हणाला, “काका, हे स्पीकर इतक्यात हलवले होते का?”

हलवले होते ना. दिवाळीची साफसफाई. मागची जळमटं काढायला दोन्ही स्पीकर खाली उतरवले, पुसले आणि वर ठेवताना तारा मीच जोडल्या, चष्मा न लावता, एका हातात फडकं धरून. पोरगा स्पीकरमागे उकिडवा बसला, मोबाइलचा टॉर्च लावला आणि डावीकडची लाल तार काळ्या खोबणीतून काढून लाल खोबणीत घातली. काळी काळ्यात. “लावा आता.”

दुसऱ्या गाण्याला खिडकीच्या काचा बोलायला लागल्या. गाणारा कपाटातून बाहेर आल्यासारखा मधोमध उभा राहिला. स्वयंपाकघरातून आवाज आला, “हे कुठलं नवीन लावलंत? बरं आहे की!” त्या दिवशी मी दहा मिनिटं परीक्षण केलं ते माझ्याच साफसफाईचं. पोरगा काही बोलला नाही, उलट चकली कोणी केली ते विचारत बसला. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

कारण साधं आहे. दोन्ही स्पीकरचे पडदे एकाच वेळी पुढे यायला हवेत आणि एकाच वेळी मागे जायला हवेत. एकाच्या तारा उलट जोडल्या की एक पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. एक हवा ढकलतो, दुसरा ओढतो, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. बेसच्या लाटा लांब असतात. १०० हर्ट्झचा सूर म्हणजे जवळजवळ साडेतीन मीटरची लाट. त्यामुळे साध्या खोलीत दोन्ही स्पीकरच्या लाटा बरोबर उलट्यासुलट्या भेटतात. वरचे सूर तेवढे मरत नाहीत, म्हणून झांजा खणखणीत ऐकू येतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, मशीन तर ठीक आहे, दोष बँडचाच.

तारेवर रंगच नसेल तर जुना उपाय आहे. ॲम्प्लिफायरकडची टोकं सोडवायची आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल त्या दोन टोकांना क्षणभर टेकवायचा. पडदा बाहेर आला तर सेलच्या अधिक टोकाला लागलेली तार लाल समजायची. आत गेला तर उलट. सेल धरून ठेवायचा नाही, नुसता टेकवायचा.

तेव्हापासून घरी एक रीत आहे. नवा अल्बम लावायच्या आधी इंडियन ओशन या बँडच्या ‘कंदिसा’मधलं ‘मा रेवा’ वाजतं. अल्बम २००० सालचा, माझ्या कानांना तोंडपाठ. राहुल रामचा बेस पोटात जाणवला तर पुढे जायचं, नाहीतर खोलीत काहीतरी बिघडलंय. तुमचं गाणं वेगळं असेल, पण ते वर्षानुवर्षं तेच ठेवा. दर महिन्याला नवी फूटपट्टी आणली तर मोजायचं कशाने?

इअरफोनवाल्यांनी हसू नये. तुमच्या उजव्या कानातल्या जाळीत मळ साचलाय, फोनच्या सेटिंगमध्ये कधीतरी मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज) लागून राहिलंय, इक्वलायझरवर दोन वर्षांपूर्वीचा ‘बेस बूस्ट’ तसाच आहे. आणि दोन अल्बमची तुलना करताना आवाज सारखा करून घ्या. मोठ्याने वाजलेलं कानाला नेहमीच चांगलं वाटतं. टीव्हीच्या दुकानातले सेल्समन याच्यावर संसार चालवायचे.

दहापैकी ७.८

हे मला समजत नाही. सात ठीक, आठ ठीक. ते दोन दशांश कुठे कापले? एका पोराला एकदा खोदून खोदून विचारलं, तर त्याला अल्बममधल्या गाण्यांची संख्याही सांगता येईना.

ही सवय पिचफोर्क या अल्बम-परीक्षणाच्या अमेरिकी वेबसाइटकडून आली. आता तिथलंच बघा. लिझ फेअर ही शिकागोच्या इंडी वर्तुळातून पुढे आलेली गायिका. २००३ मध्ये तिने जरा गुळगुळीत पॉप अल्बम काढला आणि पिचफोर्कने त्याला ०.० दिले. भोपळा. २०१९ मध्ये ते परीक्षण लिहिणाऱ्यानेच जाहीर माफी मागितली. २०२१ मध्ये पिचफोर्कने काही जुने गुण सुधारले, तेव्हा त्याच अल्बमला ६.० मिळाले. त्याच यादीत डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचा ‘डिस्कव्हरी’ ६.४ वरून थेट दहावर गेला. अल्बममधला एक सूरही बदलला नव्हता. पगारी लोकांची ही गत, आपण तर रिक्षात बसून गुण देतो.

माझ्याकडे आकड्यांना बंदी आहे. त्याऐवजी जागा सांगायची: कितवं गाणं, कितवं मिनिट, काय झालं. “चौथ्या गाण्यात दोन मिनिटं दहा सेकंदांनी ड्रम थांबतात, नुसत्या टाळ्यांचा ठेका उरतो, तिथे मी दोनदा मागे गेलो.” एवढं सांगितलं की पुरे. दुसरा माणूस तिथेच जाऊन बघू शकतो आणि म्हणू शकतो, मला ती जागा कंटाळवाणी वाटली. मग भांडण रंगतं. ‘व्हाइब’वर कोण भांडणार? ‘लो-फाय’, ‘ड्रीमी’, ‘रॉ’ हे शब्दही त्याच पोत्यातले. रेकॉर्डिंगमध्ये पंख्याचा आवाज आला म्हणजे ते ‘रॉ’ नव्हे, पंखा बंद करायचा राहिलाय.

ग्रेस मार्क

मराठी अल्बम आला की आमच्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, “मराठीत कुणीतरी हे करतंय हेच खूप आहे.” दुसरा म्हणतो, “मराठीत हे नाही रे शोभत.” दोघांनीही अल्बम ऐकलेला नसतो, दोघांनी भाषा ऐकलेली असते. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ गाजल्यापासून पहिला तट फोफावलाय, प्रत्येक ठेक्यात त्यांना क्रांती दिसते. वऱ्हाडी लहेजातला रॅप लावला तर सदाशिव पेठेतला एक गृहस्थ ‘उच्चार सुधारायला हवेत’ म्हणाला. त्याला खारी दिली नाही.

इंग्रजी अल्बमला आपण इंग्रजीत गायल्याबद्दल दोन गुण वाढवून देत नाही ना? मग मराठी बँडला ती भीक कशाला? त्यांचा गिटारवाला सुरात नसेल तर नाही म्हणून सांगा. त्याला ते ऐकायचं असतं, तुमच्या पाठीवरच्या थापेखाली तो गुदमरलेला असतो.

थापांवरून आठवलं. बँड ओळखीचा असला की “एक नंबर, भावा!” आणि आगीच्या तीन खुणा. हे मत नाही, ही बारशाला दिलेली वाटी आहे. ओळखीच्यांचं न आवडलेलं मी चारचौघांत बोलत नाही, फोन करून सांगतो, पण आधी अल्बम विकत घेतो. पैसे मोजले की माणूस नीट ऐकतो आणि नीट बोलतोही. बँडकॅम्प या कलाकारांची गाणी विकणाऱ्या वेबसाइटवर डिजिटल अल्बम घेतला तर ते आपले १५ टक्के कापतात, बाकीचे व्यवहाराचा खर्च वजा जाऊन कलाकाराला. मार्च २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी तो वाटाही सोडतात. मी खरेदी त्या शुक्रवारांसाठी राखून ठेवतो. “सगळ्यांना ऐकता यावा म्हणून” ग्रुपवर एमपीथ्री टाकणाऱ्याला मी तासाभरात ग्रुपबाहेर काढतो. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं वर्षभरात हजार वेळा वाजलं नाही तर त्याचे पैसेच मिळत नाहीत. छोट्या बँडला तो हजाराचा टप्पा गाठणं जड असतं, आणि तुमच्या व्हॉट्सॲपवर वाजलेलं कुठेच मोजलं जात नाही.

बाकी किरकोळ. हिंदी शब्द आणि लाकडी गिटार दिसली की ‘प्रतीक कुहाडसारखं’ म्हणू नका, तोही गिटार घेऊन गाणारा म्हणून. गिटारला त्याच्याआधीही सहा तारा होत्या. गाण्याचे शब्द उद्धृत करण्याआधी एकदा वाचून घ्या, आमच्याकडे ‘सावली’ची ‘साखळी’ करून कुणीतरी त्यावर सामाजिक भाष्य केलं होतं. अल्बमचं कव्हर आवडलं नाही तर ते शेवटी सांगा. आणि “लाइव्ह ऐकायला हवं” हे वाक्य फक्त लाइव्ह ऐकलेल्याने बोलावं.

तो बेसवाला आता दर महिन्याला येतो. गेल्या रविवारी एक नवा अल्बम लावला, दोन गाणी झाली आणि मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. चहाचा कप खाली ठेवला, टॉर्च लावला, स्पीकरमागे वाकला. लाल लालमध्ये, काळी काळ्यात. ‘मा रेवा’ लावून पाहिलं, काचा बोलल्या. परत नवा अल्बम लावला. बेस खरंच नव्हता.