मिथाइलमॅलोनिक ॲसिडचं मूल तापलं की काय करायचं

माझी लेक आता सहा वर्षांची आहे. जन्मल्यावर चौथ्या दिवशी दूध ओढेनाशी झाली, श्वास भराभर चालू लागला, आणि लघवीच्या तपासणीत मिथाइलमॅलोनिक ॲसिड वाढलेलं निघालं. प्रथिनांतले व्हॅलिन, आयसोल्युसिन हे घटक मोडण्याच्या वाटेवर जे एन्झाइम (शरीरातली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) लागतं, ते तिच्यात चालत नाही; म्हणून हे ॲसिड साचतं. या आजाराला मिथाइलमॅलोनिक ॲसिडिमिया म्हणतात.

असं मूल तुमच्या घरी असेल, तर ताप-उलटीत त्याला उपाशी ठेवू नका. ‘पोटाला जरा आराम द्या’ असं घरातली मोठी माणसं मायेनंच सांगतात. पण उपाशीपोटी शरीर स्वतःचे स्नायू मोडायला घेतं, त्यातूनही प्रथिनंच सुटतात, ॲसिड चढतं आणि पाठोपाठ रक्तातला अमोनियाही, म्हणजे प्रथिनं मोडताना तयार होणारा, मेंदूला घातक पदार्थ.

आमच्या डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे आम्ही दूध, दही, वरण तेवढ्यापुरतं थांबवतो आणि साबुदाण्याची पेज देतो. मूठभर साबुदाणा धुऊन भिजवायचा, भरपूर पाण्यात दाणा काचेसारखा होईपर्यंत शिजवायचा, त्यात साखर आणि चमचाभर तूप. १०० ग्रॅम तूरडाळीत २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, साबुदाण्यात अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. मी दर दोन तासांनी पाजते, रात्रीही गजर लावून. मात्र प्रथिनं एक-दोन दिवसांच्या वर बंद ठेवू नका, त्यानंही स्नायू झिजतात. परत कधी, किती सुरू करायची ते फोन करून विचारा. कार्निटिन (साचलेलं ॲसिड शरीराबाहेर टाकायला मदत करणारं औषध) आणि बी-१२ जीवनसत्त्व लिहून दिलेलं असेल तर चुकवू नका.

पेज पोटात ठरत नसेल, मूल गळून गेलं असेल किंवा श्वास जोरात चालत असेल, तर सकाळची वाट बघू नका. एकदा रात्री आम्ही जवळच्या दवाखान्यात गेलो तर ‘साधी उलटी आहे’ म्हणून तासभर बाकावर बसवलं. तिची मान माझ्या खांद्यावर ठरत नव्हती. तेव्हापासून डॉक्टरांचं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराच्या खुंटीला टांगलंय. त्यात पहिल्याच ओळीत आजाराचं नाव, खाली ग्लुकोजचं सलाइन लगेच लावा, आणि अमोनिया तपासायला घेतलेलं रक्त बर्फात ठेवून ताबडतोब लॅबमध्ये पाठवा, कारण नळी तशीच पडून राहिली तर आकडा खोटाच वाढलेला येतो. पत्राची एक प्रत शाळेतल्या बाईंकडे आहे, एक आजोळी.