सेल घेण्याआधी: छोट्या उपकरणाच्या बॅटरीची तयारी

दुकानात जाण्याआधी मल्टिमीटर काढा. उपकरण काम करताना किती करंट ओढतं आणि झोपेत (काम नसताना जवळजवळ बंद) असताना किती, हे दोन्ही आकडे कागदावर लिहून घ्या. झोपेतला करंट मोजताना एक काळजी घ्या: मीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर ठेवून उपकरण सुरू करू नका. त्या रेंजमध्ये मीटरच बरंच व्होल्टेज खातो आणि चिप उठता उठता बंद पडते.

आता हिशेब मांडा. समजा, वायफायवरून तापमान पाठवणारा सेन्सर आहे. दर 15 मिनिटांनी 5 सेकंद जागा होतो आणि तेवढ्यात सरासरी 80 मिलिअँपिअर घेतो. म्हणजे दिवसभरात 8 मिनिटं काम, खर्च जेमतेम 11 मिलिअँपिअर-तास (करंट गुणिले तास; सेलची क्षमताही यातच मोजतात). पण बोर्डावरचा इवलासा लाल दिवा 2 मिलिअँपिअर घेत चोवीस तास जळत असेल, तर तो एकटाच 48 खातो! 2000 मिलिअँपिअर-तासांचे सेल कागदावर सहा महिने पुरायला हवेत, ते महिन्याभरात संपतात. म्हणून मोठी बॅटरी शोधण्याआधी तो दिवा काढा. रेग्युलेटर, म्हणजे सेलचं व्होल्टेज चिपला हवं तेवढं स्थिर करून देणारा भाग, स्वतः किती पितो तेही बघा. जुन्या धाटणीचे काही रेग्युलेटर नुसते बसून 5 मिलिअँपिअर घेतात.

मग व्होल्टेज. अल्कलाइन पेन्सिल सेल नवा असताना दीड व्होल्टच्या थोडा वर असतो आणि 0.9 पर्यंत उतरत जातो. तीन सेल एकापुढे एक जोडले तर साडेचाराच्या थोडं वरपासून 2.7 पर्यंतचा सगळा पल्ला उपकरणाला झेपला पाहिजे. रिचार्जेबल निकेलचा सेल 1.2 व्होल्टचा, लिथियम-आयन 4.2 पासून 3 पर्यंत. एएमएस1117 सारख्या रेग्युलेटरला 3.3 व्होल्ट द्यायला आत साधारण एक व्होल्ट जास्त लागतो, त्यामुळे एका लिथियम सेलवर तो चालवू नका.

सीआर2032 बटण सेल घड्याळाला, रिमोटला उत्तम. त्यात सव्वादोनशेच्या आसपास मिलिअँपिअर-तास असतात, पण वायफाय सुरू होताना लागणारा शेकडो मिलिअँपिअरचा झटका त्याला झेपत नाही. व्होल्टेज कोसळतं आणि चिप पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होते. बटण सेल वापरणार असाल तर झाकणाला स्क्रू हवाच. लहान मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. यात तडजोड नको.

9 व्होल्टची चौकोनी बॅटरी अशा कामाला मला अजिबात पटत नाही. क्षमता पाचशेच्या आसपास, आणि साध्या रेग्युलेटरने 3.3 वर आणताना जवळजवळ दोन तृतीयांश ऊर्जा उष्णतेत जाते.

लिथियम-आयन घेताना संरक्षक सर्किट असलेलाच घ्या, चार्जर त्याच जातीचा हवा, आणि शून्य अंशाखाली चार्ज करू नका. 18650 सेलवर (हा लिथियम-आयनचा एक लांबट गोल आकार) 9900 मिलिअँपिअर-तास लिहिलं असेल तर तो तिथेच ठेवा. या आकारात साडेतीन हजारांच्या आसपासच मावतात.

नवे-जुने सेल एकत्र घालू नका. शेवटी सगळं जोडून झालं की मुद्दाम अर्धे उतरलेले सेल घाला आणि वायफाय सुरू होण्याच्या क्षणी सेलच्या टोकांवरचं व्होल्टेज बघा. साधा मीटर ती क्षणिक घसरण दाखवत नाही, म्हणून ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणारं यंत्र) मिळाला तर उत्तम; नाही मिळाला तर चिप रीस्टार्ट होते का, एवढं तरी तासभर तपासा.