नव्या ‘डॉक्टर’विषयीच्या प्रतिक्रिया कशा वाचाव्यात

‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची विज्ञानकथा मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली, १९८९ मध्ये थांबली आणि २००५ मध्ये पुन्हा उभी राहिली. तिचा नायक, म्हणजे डॉक्टर, हा परग्रहावरून आलेला कालप्रवासी असून मरणाच्या दारी पोचल्यावर त्याचे शरीर, चेहरा आणि बराचसा स्वभावही पालटतो. आपल्याकडे मालिकेतला नट बदलला की नवा चेहरा जुनाच आहे असे प्रेक्षकांनी मुकाट्याने मानून घ्यायचे असते. येथे बदल खुद्द कथेत घडतो आणि सोबतची पात्रेही प्रेक्षकांइतकीच बावचळतात. साहजिकच दर काही वर्षांनी ‘हा आमचा डॉक्टर नव्हे’ असा सूर उठतो आणि त्याच वेळी ‘इतका चांगला डॉक्टर झालाच नव्हता’ असेही कोणी म्हणत असते. या गलबल्यातून काही नेमके हाती लागावे अशी इच्छा असेल, तर पुढील पद्धत उपयोगी पडते.

प्रतिक्रिया वाचताना पहिल्यांदा तिची तारीख पाहावी, मत नंतर. पहिली स्त्री डॉक्टर म्हणून जोडी व्हिटेकर यांची निवड १६ जुलै २०१७ रोजी, विम्बल्डनच्या पुरुष एकेरीच्या अंतिम सामन्यानंतर जाहीर झाली आणि त्यांचा पहिला पूर्ण भाग ७ ऑक्टोबर २०१८ रोजी दाखवला गेला. मधल्या जवळजवळ पंधरा महिन्यांत, २०१७ च्या नाताळच्या भागातील अखेरचे काही क्षण सोडले, तर त्यांचा अभिनय कोणी पाहिलाच नव्हता. तरीही मते भरघोस होती. पूर्वी डॉक्टर साकारलेले पीटर डेव्हिसन यांनी मुलग्यांसमोरचा एक आदर्श हरपेल अशी शंका बोलून दाखवली, तर त्यांच्यानंतर ती भूमिका करणाऱ्या कॉलिन बेकर यांनी त्या शंकेला जाहीर विरोध केला. अशी मते टाकून देऊ नयेत, परंतु वेगळ्या कप्प्यात ठेवावीत. डॉक्टर कसा असावा याची बोलणाऱ्याच्या मनातील कल्पना त्यांतून कळते. नटीविषयी त्यांतून काहीही कळत नाही.

त्यानंतर नायकाखेरीज आणखी काय काय बदलले याची नोंद करावी. डेव्हिड टेनंट २००५ च्या नाताळला डॉक्टर म्हणून आले तेव्हा सूत्रधार, म्हणजे मालिकेचे प्रमुख लेखक-निर्माते, रसेल टी. डेव्हिस तेच होते आणि रोझ ही डॉक्टरची सोबतीणही तीच होती. म्हणून त्या वेळची नाराजी किंवा पसंती बहुतांशी नटाच्या खात्यावर जमा करता येते. २०१० मध्ये मॅट स्मिथ यांच्यासोबत सूत्रधार आणि सहनायिका दोघेही नवे होते. २०१८ मध्ये तर सूत्रधार, संगीतकार, सगळे सोबती आणि प्रक्षेपणाचा वारसुद्धा बदलला. शनिवारची मालिका रविवारी गेली. अशा वेळी ‘नवी डॉक्टर जमली नाही’ असे कोणी म्हटले, तर पुढची दोन-तीन वाक्ये बारकाईने वाचावीत. एकाच वेळी तीन सोबती असल्यामुळे कोणालाच पुरेसा वाव मिळत नाही, किंवा जुने शत्रू दिसत नाहीत, अशी तक्रार त्यांत असेल, तर तो रोख लेखनावर आहे. माझ्या मते व्हिटेकर यांच्या नावावर मांडलेल्या उण्यांपैकी निम्म्याहून अधिक उणी त्यांची नव्हतीच.

आकडे वाचताना विशेष सावध राहावे लागते. ब्रिटनमध्ये एका रात्रीची प्रेक्षकसंख्या दुसऱ्या दिवशी कळते आणि नंतरच्या सात दिवसांत मुद्रित करून ठेवलेला भाग लावून पाहणारे धरून आकडा सुधारला जातो. व्हिटेकर यांच्या पहिल्या भागाचा रात्रीचा आकडा सुमारे ८२ लाख होता. तो वाढून सुमारे १ कोटी ९ लाखांवर गेला. एकाने पहिला आकडा आणि दुसऱ्याने दुसरा घेतला की दोघे एकाच भागावरून तावातावाने भांडू शकतात. शिवाय पहिल्या भागाची गर्दी ही कुतूहलाची गर्दी असते. आवडनिवड पुढच्या भागांत कळते. पॉल मॅकगॅन डॉक्टर असलेला १९९६ मधला दूरचित्रवाणीपट ब्रिटनमध्ये सुमारे ९० लाख लोकांनी पाहिला आणि तरीही त्यातून मालिका निघाली नाही, कारण निर्णय अमेरिकेतील प्रतिसादावर अवलंबून होता आणि तेथे तो थंड होता. कोणाचा आकडा मोजला जातो हे त्यामुळे आधी विचारावे.

सर्वांत जास्त वेळ मात्र प्रवेशकथेला द्यावा, म्हणजे नवा डॉक्टर ज्या कथेत उभा राहतो त्या कथेला. ऑक्टोबर १९६६ मध्ये विल्यम हार्टनेल यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन आले, तेव्हा असा बदल प्रेक्षकांनी कधीच पाहिलेला नव्हता. पुढच्या कथेच्या लेखकांनी शंका लपवली नाही. ती वाटून दिली. बेन हा सोबती नव्या माणसावर विश्वास ठेवत नाही, तर पॉली ठेवते. जुन्या डॉक्टरची अंगठी नव्याच्या बोटात बसत नाही, आरशात पाहिल्यावर क्षणभर जुनाच चेहरा दिसतो. आणि मग डालेक, म्हणजे प्रेक्षकांच्या परिचयाचा जुना शत्रू, त्याला ओळखतो. घरच्यांनी ओळखले नाही, वैऱ्याने ओळखले! प्रेक्षकाला यापेक्षा चांगली साक्ष कोणती हवी?

याच्या उलट १९८४. त्या मार्च महिन्यात डेव्हिसन यांची अखेरची कथा संपली आणि लगेच कॉलिन बेकर यांची पहिली सुरू झाली. तिच्यात नवा डॉक्टर, अंगात विविध रंगांच्या ठिगळांचा भडक कोट घालून, पेरी या आपल्याच सोबतिणीचा गळा दाबतो. डॉक्टर आधी नकोसा वाटावा आणि मग हळूहळू उमलावा अशी योजना होती, परंतु ही त्या वर्षाची शेवटची कथा असल्यामुळे पुढचा भाग थेट जानेवारी १९८५ मध्ये दिसला, आणि ती कटू चव प्रेक्षकांच्या तोंडात नऊ महिने राहिली. मालिकेच्या मासिकाने २००९ मध्ये तोवरच्या २०० कथांना वाचकांकडून क्रम लावून घेतला, तेव्हा डेव्हिसन यांची ती अखेरची कथा पहिली आली आणि तिला लागूनच दाखवलेली बेकर यांची कथा शेवटची आली. एवढे मोठे अंतर केवळ नटामुळे पडले असे मानणे अवघड आहे. पुढे ध्वनिनाट्यांमधून त्याच बेकर यांना अनेक चाहत्यांनी नव्याने डोक्यावर घेतले, हेही ध्यानात ठेवावे.

अखेरीस स्वतःची प्रतिक्रिया. नवा डॉक्टर आल्यावर इतरांचे काहीही वाचण्यापूर्वी एका वहीत तारीख घालून दोन वेगळ्या ओळी लिहाव्यात, एक अभिनयाविषयी आणि दुसरी कथेविषयी. त्याच दोन ओळी चौथ्या भागानंतर पुन्हा लिहाव्यात; पहिल्या भागात डॉक्टर पुष्कळदा अर्धवट शुद्धीत असतो, आणि टेनंट यांनी तर आपल्या पहिल्या कथेचा बराचसा भाग पायजम्यात झोपून काढला होता, त्यामुळे त्यावरून कोणाचे मोजमाप करणे तसे अन्यायाचेच. ते वर्ष संपले की तिसऱ्यांदा वही उघडावी आणि आधीच्या ओळी न खोडता त्यांच्याखाली लिहावे.